कापसाच्या बुडाची सिगारेट

पुंडलिकरावाचा हिशेब सरळ होता. बिडी सोडून फिल्टरची सिगारेट धरली तर खोकला थांबणार, बायकोचं, मैनाबाईचं, तोंड थांबणार, आणि ओढणं मात्र चालूच राहणार. उमरखेडच्या कापूस बाजारात पंधरा वर्षं लिलाव पुकारले, पण इतका फायद्याचा सौदा त्यानं पाहिला नव्हता.

"सौम्य माल आहे, भाऊ," पानठेल्यावरच्या देवीलालनं पाकीट पुढं केलं. "घशाले पत्ताच लागत नाही."

बुडाशी कापसासारखा पांढरा बोळा. कापसात जन्म घालवलेल्या माणसानं त्यावर भरवसा ठेवला नसता तरच नवल. सौम्य म्हणून तो झुरके खोल घेऊ लागला, आणि सौम्य म्हणूनच दहा बिड्यांच्या जागी वीस सिगारेटी आल्या. वर्ष गेलं. दिवाळीनंतर बाजार भरला. कापसाच्या दहा गाड्यांचा लिलाव न थांबता पुकारणारा गडी चौथ्या गाडीशीच छाती धरून उभा.

"दुसरा पुकारणारा पाहा लागते आता," व्यापारी हसले.

तो सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकाशी जाऊन बसला आणि सिगारेट पेटवली. वीस वर्षं जिनात राबणारा डोमाजी नाकाचं फडकं सोडत शेजारी टेकला.

"काहून ओढता, भाऊ? दम तर लागून राह्यला."

"अरे, हे बिडीसारखं नाही." पुंडलिकरावानं थोटूक फोडून पिवळा बोळा दाखवला. "पाह्य, किती घाण अडवली!"

डोमाजीनं आपलं फडकं त्याच्या मांडीवर पसरलं. कापसाच्या धुळीनं राखाडी झालेलं.

"हे बी रोज अडवते. आता आयका."

आणि तो खोकला. वाकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकला. मग दम घेत म्हणाला, "अडलं ते दिसते, भाऊ. गेलं ते कोनाले दिसलं?"

पुंडलिकराव फडक्याकडे पाहत राहिला. पाकीट तिथंच नालीत गेलं.

पुढच्या हंगामात खोकल्यापायी डोमाजीच्यानं काम होईना. तो फाटकाशी बसून लिलावाकडे कान देई. पहिल्या बाजारी पुंडलिकराव न थांबता पुकारत गेला, आणि दम घ्यायला थांबला तो सातव्या गाडीनंतरच.

"सात झाल्या!" डोमाजी ओरडला.

पुंडलिकराव गर्दीतून येऊन त्याच्या पाया पडला.

"अरे बापा, मले कायले? सोडली तुमीच ना!"

दहातल्या तीन गाड्यांचा दम सिगारेटीनं कायमचा नेला, तो पुंडलिकरावाच्या स्वतःच्या खात्यातून. परत मिळालेल्या सातांची किंमत मात्र डोमाजीच्या छातीनं आधीच भरली होती.