गळ काढलेला स्पिनर

पाणी गढूळ असेल तर पितळेचं पातं, निवळ असेल तर रुपेरी, आणि आभाळ भरलेलं असेल तर तांब्याचं, हा नियम लोतम रामांनी स्वतःच्या अनुभवावरून बसवला होता आणि हिमाचलातल्या तीर्थन नदीने तो सहसा मोडला नव्हता. या मार्चमध्ये मात्र ते रोज सकाळी व्हरांड्यात बसून स्पिनरांचा, म्हणजे फिरत्या पात्याच्या आमिषांचा, डबा उघडत, नियमाप्रमाणे एक निवडत, गळाची काठी घेऊन नदीवर जात आणि दुपारी रिकाम्या हातांनी परत येत.

डब्यातले बहुतेक स्पिनर त्यांच्याच हातचे होते. वरच्या छोट्या वीजघरात टर्बाइनचे फिटर म्हणून त्यांनी नोकरी केली होती. निवृत्तीनंतर पत्र्याची पाती कापून, लाकडी साच्यावर ठोकून, तारेभोवती फिरती करण्यात त्यांचे दिवस सुखाने जात. रुंद, गोलसर पातं संथ पाण्यातही सहज फिरतं आणि पाण्याला मोठा धक्का देतं. अरुंद, लांबट पात्याला फिरायला जोराचा प्रवाह लागतो. मासा आधी तो धक्का अंगावर ओळखतो, मग चमक पाहतो आणि मग ठरवतो. ठरवण्याचा अधिकार त्याचा, आपण फक्त विचारायचं, असं ते पाहुण्यांना सांगत.

यंदा विचारून विचारून ते थकले होते. गेल्या श्रावणात आलेल्या पुराने खोल डोह दगडगोट्यांनी भरून टाकले होते, काठची ऑल्डरची झाडं मुळांसकट नेली होती आणि त्यांच्या पाहुणघराची खालची भिंतही. त्यानंतर खोऱ्यात कुणालाही ट्राउट मासा दिसला नव्हता. कुणी म्हणे सगळे खाली धरणापर्यंत वाहून गेले, कुणी म्हणे गाळाने गुदमरले. हिवाळाभर मासेमारी बंद असल्यामुळे खरं काय ते कळायला मार्ग नव्हता. आता हंगाम उघडला होता आणि तरीही कळत नव्हतं.

ते कळण्यावर हिरामणीचं घरात राहणं अवलंबून होतं. आई गेल्यानंतर चार खोल्यांचं पाहुणघर लोतम रामांच्या या मुलीनेच उभं केलं होतं. येणारे सगळे मासेमारीचे शौकीन. मासे नसतील तर त्या खोल्यांत उतरायला कोण येणार? सिमल्याच्या एका हॉटेलने तिला नोकरी देऊ केली होती आणि शनिवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. पतियाळाहून दरवर्षी येणाऱ्या बराड साहेबांचाही फोन येऊन गेला होता: खोली ठेवायची की नाही? तिने दोघांनाही थांबवून ठेवलं होतं.

एका संध्याकाळी सिड्डूचं, म्हणजे वाफवलेल्या भाकरीचं, पीठ मळता मळता ती वडिलांना म्हणाली, "बापू, मी दहा जणांना विचारत बसणार नाही. तुम्ही मासे आहेत म्हणालात तर राहीन, नाहीत म्हणालात तर जाईन. तुम्ही खोटं बोलत नाही, हीच तर माझी पंचाईत आहे."

 एका शब्दात मुलगी घरात राहिली असती. तो शब्द त्या रात्रीच्या जेवणात दोनदा लोतम रामांच्या ओठांपर्यंत आला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो तुपातल्या घासाबरोबर गिळला. बराड साहेब चार दिवस कमरेएवढ्या थंड पाण्यात उगाच उभे राहतील आणि हिरामणी त्यांच्याकडे न पाहता आपल्याकडे पाहील, हे चित्र त्यांना सहन होण्याजोगं नव्हतं.

म्हणून ते पद्धतशीरपणे शोधत राहिले. दरडींची माती अजून झिरपत असल्यामुळे पाणी राखाडी होतं; त्यांनी पितळेचं सर्वांत मोठं पातं लावलं. मग जड चमचा, म्हणजे न फिरणारं खोलगट पातं, तळाशी नेऊन पाहिला. मग लाकडाचा रंगवलेला बनावट मासा, जो प्रवाहात जखमी माशासारखा वाकडातिकडा पोहतो. गळाला काटक्या लागल्या, एकदा कुणाचा तरी वाहून आलेला मोजा लागला.

मोजा लागला तेव्हा दिले राम पुलाच्या कठड्यावर बसलेले होते. ते नागदेवतेचे कारदार, म्हणजे देवळाचा सगळा कारभार त्यांच्याकडे, आणि लोतम रामांचे शाळेपासूनचे सोबती. "लोतमा," ते वरून म्हणाले, "दुसऱ्या पायाचाही येईल, थांब जरा. जोडी झाली की मला दे."

"तुझ्या पायाला मोठा होईल," लोतम राम म्हणाले.

"आणि त्या डब्यातले दागिने माशांना जुने वाटत असतील. एखादी नथ करून बघ."

लोतम रामांना हसू आलं नाही, हे पाहून दिले राम खाली उतरले आणि त्यांच्याशेजारी दगडावर बसले. त्यांनी विचारलं की पोरगी खरंच जाणार का. लोतम रामांनी मान हलवली. हो की नाही ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी डबा उघडलाच नाही. आपली चूक आमिषात नसून जागेत असावी, असं त्यांना प्रथमच वाटलं. जिथे डोह होते तिथेच ते गळ टाकत होते, आणि डोह तर राहिले नव्हते. तेव्हा ते काठावर बसून माशाच्या बाजूने विचार करू लागले. वरून चिखलाचा लोंढा येतो आहे. कल्ल्यांत माती भरते आहे. अशा वेळी मासा कुठे वळेल? बाजूच्या ओढ्यात, जिथे निवळ पाणी असेल तिथे. मग त्यांनी एकेक ओढा डोळ्यांसमोर आणला. हा दरडीने बुजला, तो खरवडून निघाला, तिसऱ्याचा मार्गच बदलला. आणि चौथा? चौथा गावाच्या वर मोठ्या कड्याआड वळतो, म्हणून पुराचा धक्का त्याला बसलाच नव्हता. त्या वळणावर नागदेवतेचं कुंड होतं.

 इतक्या दिवसांत आपल्याला हे सुचलं कसं नाही? आपल्यालाच नव्हे, खोऱ्यात कुणालाच. पण सुचणार कसं? कुंडावर जायचं ते अनवाणी, कमरेचा चामड्याचा पट्टा सोडून, मान खाली घालून. हात जोडायचे आणि मागे फिरायचं. तिथे गळ नाही, जाळं नाही. लहानपणापासून ते पाणी मासे असण्याच्या जागांत कुणी मोजलंच नव्हतं.

ते थेट दिले रामांकडे गेले. दिले रामांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा कारदाराचा झाला. कुंडात गळ पडणार नाही, ते म्हणाले. माझ्या बापाने पडू दिला नाही, मीही देणार नाही.

"गळ नकोच," लोतम राम म्हणाले. "मी तो काढून टाकतो. राहील ते नुसतं फिरणारं पातं. मला मासा धरायचा नाही, दिले, तो आहे का एवढंच विचारायचं आहे."

दिले रामांनी कपाळ खाजवलं. गळ नसलेल्या गळाबद्दल रीत काय सांगते, हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आला नव्हता. अखेर त्यांनी देवतेलाच विचारायचं ठरवलं. ज्याच्या अंगात देवता येते तो म्हातारा गूर शेजारीच मागावर पट्टू, म्हणजे बायकांची लोकरी शाल, विणत बसला होता. त्याने माग सोडला, हात धुतले, टोपी काढली, देवतेपुढे बसून सगळं ऐकलं आणि लोतम रामांच्या ओंजळीत चिमूटभर तांदूळ टाकले. दाणे विषम आले तर होकार. लोतम रामांचे डोळे इतके भरून आले होते की मोजायचं काम दिले रामांनी केलं. विषम आले.

घरी येऊन ते पकड घेऊन बसले. एक रुपेरी आणि एक तांब्याचा असे दोन स्पिनर त्यांनी बाजूला काढले आणि दोन्हींचे तीन-नखी गळ तोडले. पण गळाच्या वजनानेच स्पिनरचा तोल राहतो; तो गेल्यावर पातं नीट फिरेना. बादलीतल्या पाण्यात पुन्हा पुन्हा ओढून पाहत त्यांनी शेपटाशी बारीक शिशाचा मणी बसवला, त्याभोवती हिरामणीच्या पट्टूची लाल लोकर गुंडाळली, आणि दोन्ही पाती पूर्वीसारखी फिरू लागली.

शनिवारी सकाळी तिघंही कुंडावर गेले. हिरामणी वरच्या कातळावर चढून बसली. दिले राम हात जोडून उभे राहिले आणि नंतर हात जोडलेलेच विसरले. पाणी काचेसारखं होतं, म्हणून लोतम रामांनी नियमाप्रमाणे रुपेरी पातं टाकलं. ते लखलखत आलं, आणि मागे काही नाही. पुन्हा टाकलं, पुन्हा तसंच.  आता उरलेली प्रत्येक जागा पाहून झाली होती.

"बापू," वरून हिरामणी हळूच म्हणाली, "पातं चमकलं तेव्हा तळाशी काहीतरी पळालं."

"कुठे पळालं?"

"कड्याखाली. काळं होतं, हातभर."

लोतम रामांनी काठी खाली ठेवली. घाबरून पळालं म्हणजे पळायला कुणीतरी होतं. पुरातून वाचून या स्थिर पाण्यात लपलेले मासे लख्ख चमकेला बिचकणारच. वाहत्या नदीसाठी केलेला नियम इथे कसा लागू होणार? त्यांनी तांब्याचा छोटा स्पिनर घेतला, जरा खाली असलेल्या देवळाच्या धुनीतली काजळी आणून ती त्याच्या रुंद पात्याला चोळून ते काळवंडवलं, आणि कड्याच्या बरंच पलीकडे हलकेच टाकलं. पाणी थंड, मासा आळसावलेला. म्हणून त्यांनी इतकं सावकाश ओढलं की पातं जेमतेम फिरत होतं.

कड्याखालून एक सावली निघाली. तिच्यामागे दुसरी. पहिलीने लाल लोकरीला तोंड लावून पाहिलं आणि सोडलं. दुसरीने तिला ढकललं. मग खालून एक मोठा, अंगावर लाल ठिपक्यांचा ट्राउट शांतपणे वर आला, जणू दोघांचं भांडण मिटवायचं आहे, आणि त्याने पातं सरळ तोंडात धरलं. काठी वाकली. क्षणभर लोतम रामांना त्या जिवंत वजनाची ओढ खांद्यापर्यंत जाणवली. मग माशाने ते थुंकून टाकलं आणि तो वळला.

"बापू, कडेला बघा, पिल्लं पण आहेत," हिरामणी म्हणत होती. "बोटाएवढी. किती तरी."

लोतम राम ओल्या दगडावर बसले. थंडी पायजम्यातून आत शिरली तरी उठावंसं वाटेना. इतक्या दिवसांत आपण नीट श्वासही घेतला नव्हता, हे त्यांना आत्ता, तो घेताना कळलं.

हिरामणी खाली उतरून त्यांच्यासमोर उकिडवी बसली. लोतम रामांनी आधी घसा साफ केला, कारण जे सांगायचं ते अचूक सांगायला हवं होतं. नदीत आज मासे नाहीत, ते म्हणाले. कुंडात आहेत, आणि कुंडातले देवतेचे. त्यांना कुणी हात लावायचा नाही. पण वरचं बर्फ वितळून ओढा फुगला की ते नदीत उतरतील, असं त्यांचं मत होतं. बैसाखीच्या आधी नाही. आणि पहिल्या वर्षी थोडेच.

ती त्यांच्याकडे रोखून पाहत राहिली. "मग हे 'आहेत' म्हणायचं की 'नाहीत'?"

"आहेत," लोतम राम म्हणाले.

तिने त्यांच्या मांडीवर हात ठेवून जोर दिला आणि ती उठली. कुंडापाशी फोनला सिग्नल नसे. आधी सिमल्याला नकार कळवते, मग बराड साहेबांना मेमध्ये यायला सांगते, असं म्हणत ती अनवाणीच पायवाटेने उतरू लागली. साहेबांना म्हणावं लहान, काळपट पाती आणा, ते मोठे चमचे घरीच राहू देत, असं लोतम रामांनी मागून ओरडून सांगितलं. तिने न वळता हात वर केला.

 आता दिले राम खाकरले. जन्म या कुंडाची राखण करण्यात गेला, ते म्हणाले, पण आत कोण राहतं ते कधी पाहिलं नव्हतं. आणि गळ तर नाहीच आहे, तेव्हा एकदा टाकून पाहायला कारदारालाही हरकत नसावी. लोतम रामांनी काठी त्यांच्या हातात दिली, रीळ कसं सोडायचं ते दाखवलं. स्पिनर थेट मागच्या झुडपात गेला. सोडवून पुन्हा टाकला, तो दिले रामांच्याच टोपीला अडकला. लोतम राम पोट धरून हसले. खालच्या देवळातून गूर पूजेची वेळ टळल्याच्या हाका मारत होता.

"आलो म्हणावं," दिले राम टोपीतली लोकर सोडवत म्हणाले. "आणखी एकदाच."