टॉवेलांमागून आलेली विहीर

टॉवेलांची गाडी भिवंडीच्या गोदामाला लागली, तेव्हा तिच्यामागून आलेली विहीर रांगेत उभी राहिली. मागच्या गाड्यांचा खोळंबा होतोय म्हणून सुलक्षणा गावंडने तिला जरा कडेला व्हायला सांगितलं. विहीर निमूट सरकली. मागच्या गाडीवाल्यांपेक्षा ती बरीच समजूतदार निघाली. गोदामाचा सगळा माल सुलक्षणाच्या जबाबदारीवर होता. हे टॉवेल संध्याकाळच्या जहाजात चढले नाहीत तर तिची नोकरी जाणार, हे साहेबांनी सकाळीच बजावलं होतं.

"ही कुठून आणलीस?" तिनं दस्तगीर ड्रायव्हरला विचारलं.

"आणली नाही मॅडम, कापसाच्या गावापासून मागंच लागली. माल आता एकटा यायला तयार नाही. पलीकडं चहाच्या गाडीमागं अख्खी टेकडी उभी आहे, बघून या."

सुलक्षणानं काठावरून आत पाहिलं. विहीर कोरडी ठाक होती आणि इतकी खोल, की तळाशी दिवस मावळत होता, गुरं घरी परतत होती. तिला भरून आलं. इतकी वर्षं टॉवेल पाठवले, त्यांच्यामागे एवढं काही असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

रिकामी घागर घेऊन एक म्हातारी पुढं आली. विहिरीच्या गावची अंजिराबाई.

"हिर आमची हाय, बाई. पानी तेवढं कापसानं पिलं, ते तुमच्या मालात ऱ्हायलंय. त्याच्याबिगर ती माघारी येईना."

"आणि मी गाडी रिकामी नेणार नाही," दस्तगीर म्हणाला. "आता कुणीच नेत नाही. परतीचा माल द्या."

गोदामाचं मागचं दार त्या दिवशी थेट बंदरात उघडत होतं. जहाजानं भोंगा दिला. सुलक्षणानं एक खोका फोडला, कोराकरकरीत टॉवेल काढला आणि त्याचं एक टोक अंजिराबाईच्या हाती दिलं. दोघींनी पीळ घातला तशी धार लागली. पाणी विहिरीत पडत राहिलं आणि हातात टॉवेलाऐवजी मूठभर सरकी उरली. दस्तगीरनं ती गाडीत भरली.

जहाज दारापासून सुटलं. सुलक्षणानं त्याच्याकडं पाहिलं आणि पुढचा खोका ओढला.

सगळे खोके संपले, तरी विहीर भरायला हातभर पाणी कमी होतं. सुलक्षणानं गळ्यातली सुती ओढणी काढली आणि तिचं एक टोक अंजिराबाईपुढं केलं.