जोड दिसू नये म्हणून

मित्रांनो, मी एक जुने गंगावन, कुणाकुणाच्या गळलेल्या केसांचे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखे काही पाहिलेही नसेल. आपली वेणी लांब दिसावी म्हणून बायका तिच्यात उसन्या केसांचा झुबका गुंफत. तो झुबका म्हणजे मी. माझी हकिकत ऐकण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण ज्या मुलीच्या केसांची ही हकिकत आहे, तिने ती कुणालाच सांगितली नाही, म्हणून सांगते.

स्वातंत्र्यानंतरची पंधराएक वर्षे उलटली होती. पुण्याच्या पेठांतून बायका विंचरताना निघालेले केस बोटाभोवती गुंडाळून जपून ठेवत. मदिनाबी ते गोळा करी, धुई, सोडवी, सरळ करी आणि एका टोकाला काळ्या दोऱ्याने आवळून बांधी. तिच्या घरी माझा जन्म झाला.

केस दिसतात सारखे, पण असतात वेगवेगळे. प्रत्येक केसावर छपरावरच्या कौलांसारखे अगदी बारीक खवले असतात. कुणाची कौले गच्च बसलेली असतात. तिथे पाणी सहज आत शिरत नाही आणि तेल वरच्यावर राहते. कुणाची कौले उचकटलेली असतात. तिथे पाणी, तेल, रंग सारे भराभर मुरते आणि तितक्याच लवकर निघूनही जाते. मी या दुसऱ्या प्रकारचे. कढत पाणी आणि ऊन सोसलेल्या केसांचे. मदिनाबीने कलप लावला तेव्हा मी तो अधाशासारखे प्यायले आणि कोळशासारखे काळे झाले.

मला न्यायला नारायण पेठेतल्या आनंदीबाई आल्या. त्यांच्या मुलीला, कुसुमला, बघायला पाहुणे येणार होते.

"मुलीला घेऊन या की," मदिनाबी म्हणाली. "केसाला केस लावून बघू. नंतर जोड दिसायला नको."

"तिला आणलं तर उद्या पेठभर होईल."

"मग निदान तिचा एक केस आणा, बाई."

"अहो, काळे म्हणजे काळे! त्यात बघायचं काय?"

कुसुमचे केस खांद्याच्या जरा खाली येत. पण काय केस होते ते! घट्ट, तुळतुळीत, उन्हात तांबूस दिसणारे. त्यांवर पाणी अळूच्या पानावरच्यासारखे थांबे. सकाळी न्हाली तरी दुपारपर्यंत ओलावा जात नसे. त्यांना हवे होते थोडेसेच पातळ तेल, तेही कोमट करून, आणि वर गरम पंच्याची ऊब. आनंदीबाई मात्र वाटीभर तेल थापत. ते कपाळावर ओघळले की म्हणत, "केससुद्धा हट्टी, मालकिणीसारखे."

पाहुणे संध्याकाळी आले, तेव्हा मी कुसुमच्या वेणीत गुंफलेले होते. मुलगा श्रीधर खडकवासल्याला एका कचेरीत कारकून होता. तो खाली मान घालून पोहे खात बसला. त्याच्या मावशीने कुसुमला पाठमोरी उभी केली.

"केस खरेच ना हो? नाही, हल्ली काही सांगता येत नाही."

"ओढून बघा हवं तर," आनंदीबाई म्हणाल्या.

कुसुमच्या मानेला घाम फुटलेला मला जाणवला. मावशींनी ओढले नाही. दिव्याच्या उजेडात जोड दिसली नाही आणि लग्न ठरले.

पण मुहूर्त निघाला भर दुपारचा, मांडव उघड्या अंगणात. आनंदीबाईंनी आम्हाला उन्हात धरून पाहिले. वर तांबूस, खाली कोळसा. जोड आंधळ्यालाही दिसली असती. त्यांनी कुसुमला कलप लावला, पण तिच्या केसांनी तो घेतलाच नाही. तेव्हा त्यांनी कपडे धुण्याचा सोडा कढत पाण्यात कालवला.

"आई, मदिनाबीकडून माझ्या केसांसारखं दुसरं आणू या ना."

"आणि दोनदोनदा तिथं जाताना कुणी पाहिलं म्हणजे?"

"डोकं भाजतंय गं."

"भाजू दे. लग्न मोडलं तर काळीज भाजेल."

सोड्याने कौले उचकटली. पुन्हा सोडा, पुन्हा कलप. शेवटी कुसुमचे केस माझ्यासारखेच रंग पिऊ लागले. माझ्यासारखेच निस्तेज आणि माझ्यासारखेच राठ झाले. मी मेलेले होते; मला तिच्यासारखे करता आले असते. पण त्यांनी जिवंत केसांना माझ्यासारखे केले. लग्नाच्या सकाळी विंचरताना फणीत तुकडेच तुकडे आले. आनंदीबाईंनी ते मुठीत लपवले आणि म्हणाल्या, "आता ओळखून दाखवा म्हणावं!"

कुणीही ओळखले नाही.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत श्रीधरने कुसुमला माझ्याशिवाय पाहिले. ती भिंतीशी सरकली. तो म्हणाला, "केसांचं कौतुक मावशीला. मला कुणी विचारलं होतं?"

ते ऐकून ती हसेल, असे मला वाटले होते. ती हसली नाही. मावशींचा धाक नवऱ्याच्या एका वाक्याने जाणारा नव्हता. हळदीकुंकू, बारसे, सत्यनारायण, सगळीकडे त्यांचे डोळे तिच्या पाठीवर असत. मित्रांनो, केसाची उचकटलेली कौले पुन्हा पूर्वीसारखी बसत नाहीत. पण मुळातून नवा केस येतो तो निरोगी येतो. कुसुमचेही तसेच आले, तांबूस आणि तुळतुळीत. आणि दर खेपेला तिने ते स्वतःच्या हाताने सोड्यात बुडवले. आता सांगायला आईची गरज उरली नव्हती.

मावशी गेल्या, तेव्हा कुसुमकडे मला अडकवण्याइतके केसच उरले नव्हते. तेव्हापासून मी ट्रंकेत आहे.

आपल्या केसांवर आधी पाण्याचा थेंब टाकून पाहा, मित्रांनो. तो थांबतो की मुरतो, ते त्यांना सांगू द्या. थांबला तर ऊब द्या आणि तेल कमी लावा. मुरला तर कढत पाणी टाळा आणि तेलाचा हात शेवटी फिरवा. शेजारणीचे केस पाहून आपले धुऊ नका. दुसरे काही सांगण्याचा मला अधिकार नाही.

कुसुम आता म्हातारी झाली आहे. दर दिवाळीला ती मला बाहेर काढते. गार पाण्याने धुते, सावलीत वाळवते, दाट तेलाचा हात फिरवते. माझ्या केसांना काय मानवते, ते तिला नेमके ठाऊक आहे. मग डोक्यावरचा पदर घट्ट ओढून घेते आणि ट्रंक लावते.