जात्याचा प्रवेश

विलायतेच्या पलीकडे कुठेतरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस यायचा बंद झाला, आणि इकडे अंजनगाव सुर्जीजवळच्या आमच्या गावात माणसांची डोकी फिरली. खुशालराव माळी कालपरवापर्यंत डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन बाजाराला जायचा. त्याने वांगी उपटून कापूस पेरला आणि दोन हंगामांत त्याच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. शेजारच्या मळ्यातला भगवंत वांग्यांनाच चिकटून राहिला. त्याची लेक जमुना खुशालरावाची सून, चंद्रभानाची बायको.

आता ही सून खुशालरावाच्या डोळ्यांत खुपायला लागली, तिची भाकरही मोजली जाऊ लागली. अकोल्यात कापसाची अडत घातलेल्या एका जातभाईची मुलगी त्याने चंद्रभानासाठी हेरून ठेवली होती. जमुनेत काही खोट नव्हती, खोट तिच्या बापाच्या पाटीत होती. पंचांपुढे काडी मोडून तिला माहेरी धाडायचं ठरलं. चंद्रभान बापापुढे तोंड उघडेल, ही आशा कुणालाच नव्हती.

भगवंताचं पंचांनी ऐकलं नसतं. गरिबाचं ऐकायची रीत आमच्याकडे नाही. पण तो गावच्या दंडारीचा, म्हणजे मशालींच्या उजेडात होणाऱ्या सोंगांच्या खेळाचा, म्होरक्या होता, आणि दंडार सगळं गाव ऐकतं. पंच बसायच्या आदल्या दिवशीच दंडार होती. त्याने नवी कथा बांधली, छळाला कंटाळून विहीर जवळ करणाऱ्या एका सुनेची. जीव ओतला तो पहिल्या प्रवेशात.

"शेषराव," बाईचं सोंग घेणाऱ्या शेषरावाला तो म्हणाला, "पयल्याच सोंगात सारं समजलं पायजे. एक दिवा अन एक जातं, बस. तू तोंड उघडाच्या आंधी लोकाइले समजलं पायजे का घर पैशावालं हाय, अन या बाईले पोटभर भाकर नाही. सासऱ्याच्या खाकरन्यातूनच त्याचा सभाव समजला पायजे. तेवढं बसलं का लोक विहिरीपर्यंत आपल्यासंगं रडत येतात."

आणि इथेच त्याने घोडचूक केली. खुशालराव एरवी दंडारीला फिरकला नसता, म्हणून मशालींचं तेल भगवंताने त्याच्याकडेच मागितलं. तेल देणाऱ्याला पुढची बैठक मिळते, मग त्याला यावंच लागतं. पण त्याच रिवाजाची दुसरी बाजू अशी, की तेल ज्याचं, फर्माईश त्याची. तो म्हणेल तो प्रवेश, म्हणेल तितक्यांदा करायचा. मध्येच थांबलं तर मशाली विझतात आणि दंडारीची अब्रू जाते. लेकीच्या काळजीत भगवंत एवढी साधी गोष्ट विसरला.

दिवेलागणीला दंडार सुरू झाली. मशाली मागे सारलेल्या, मधे एक पणती, आणि जात्याची घरघर. शेषराव लुगड्याच्या पदराने कपाळ पुसत गाऊ लागला:

"जात्या रे दगडा, तूच आयक गाऱ्हानं,
दाराआड सासरा मोजे माह्यं खानं-पिनं."

मग खाकरणं. मग सासरा आत येऊन एवढंच म्हणतो, "दळनातलं मूठभर कोनाच्या तोंडात गेलं व?" सून तोंडातलं पीठ गिळते आणि तिला ठसका लागतो.

बायकांनी पदर तोंडाला लावले. तानुबाईसारखी खाष्ट म्हातारीही मुसमुसली. पंचांमधला नत्थुजी मान खाली घालून बसला. बायकांत बसलेल्या जमुनेकडे बघायची कुणाची छाती होईना. भगवंताला वाटलं, जिंकलो.

खुशालरावाला तर पहिल्याच ओळीत सगळं कळलं होतं. तो काही दुधखुळा नव्हता. त्याने पानाचा तोबरा गालात सरकवला आणि म्हणाला, "वा, इवाईबुवा! फिरून होऊ द्या."

फिरून झालं. या खेपेला रडणारे कमी होते.

"अजून एकडाव."

आता सासऱ्याचं वाक्य खुशालराव स्वतःच सोंगाड्याच्या आधी म्हणाला, अगदी त्याच्यासारखं खाकरून. त्याच्या गाड्या हाकणारी माणसं फिदीफिदी हसली. ज्याच्या घरची भाकर खायची, त्याच्या विनोदाला हसायलाच लागतं.

"शेषराव, ठसका जराक जोरात येऊ दे ना बाप्पा!" खुशालराव म्हणाला.

चौथ्या खेपेला शेषरावाने ठसका असा दिला की पीठ समोरच्यांच्या अंगावर उडालं. हशा पिकला. शेषराव जातीचा सोंगाड्या. हशा कानावर पडला आणि गडी पाघळला. त्याने कंबर हलवली, डोळे फिरवले, जात्याला मिठी मारली. बाजूला उभा भगवंत दात ओठ खात "शेषराव, शेषराव" करत राहिला, पण ऐकतो कोण! तानुबाईच्या डोळ्यांतून पुन्हा पाणी आलं, या वेळी हसून. आणि बायकांच्या घोळक्यात, तोंडावर पदर धरून, जमुनाही हसली.

खुशालराव ताडकन उठला. "पाहा पंचहो, सून हासून राह्यली! छळ होत असता त हासली असती काय? इझवा मशाली."

विहिरीपर्यंत कथा गेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी काडी मोडली. भगवंताने पंचांचे पाय धरले, तर नत्थुजी पाय मागे घेत म्हणाला, "काल त पोट्टी मस्त हासत होती, भगवंतजी. आमी काय बोलावं?" जमुनेला नेसत्या लुगड्यानिशी बाहेर काढलं. चंद्रभान गोठ्यात जाऊन बसला.

बाप-लेक मळ्याच्या वाटेला लागले. वाटेच्या दोन्ही बाजूंना कापसाने शेतं पांढरी झाली होती. शेवटी भगवंताला राहवेना.

"बाई, बाकीच्याइचं सोड. तू काहून हासली?"

जमुना चालता चालता थांबली. तिने कोरड्या डोळ्यांनी बापाकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "चवथ्या डावाले मलेबी ते खोटंच वाटलं."