शार्क गेल्याची नोंद

बाकीचे जीवरक्षक वाळूत उभे राहून शिट्ट्या फुंकत. जावई मात्र या उन्हाळ्यापासून मनोऱ्यावर बसायला लागला होता. सात वर्षं खाली तापल्यावर मिळालेली खुर्ची ती. त्यामुळे मंगळवारी सकाळी पाण्यात राखाडी त्रिकोण दिसताच त्याने आव पाहिला ना ताव, लाल बावटा चढवला. पाच मिनिटांत किनारा रिकामा झाला. सगळ्यात शेवटी बाहेर आल्या त्या त्याच्या सासूबाई, कारण पाठीवर तरंगताना त्यांचे कान पाण्याखाली असतात.

इथवर सगळं नियमाला धरून झालं. घोडं अडलं ते पुढे. शार्क दिसल्याची नोंद ज्याने केली, त्यानेच तो गेल्याचीही नोंद करायची, शेजारी एका साक्षीदाराची सही घ्यायची, मगच बावटा उतरायचा, असा नियम होता. आणि आलेला शार्क जाताना काही कुणाला दिसला नाही. शुक्रवार उजाडला. ऐन सुट्टीत समुद्र बंद, आणि माणसं कोरडे टॉवेल अंथरून मनोऱ्याकडे बघत बसलेली.

सासूबाई लेकीकडे महिनाभर आल्या होत्या त्याच मुळी पोहायला. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून साठीनंतर शिकल्या, आणि आता पाण्यावाचून त्यांना करमत नसे. चार दिवसांत गुडघा पुन्हा धरला होता.

"जावईबापू, तुमचा पाहुणा काय म्हणतोय?" दुपारी जेवताना त्यांनी विचारलं.

"अजून गेलेला दिसला नाही, आई."

"मुक्काम लांबला म्हणायचा. माझ्यासारखाच."

"आई, पुरे," बायको म्हणाली, पण हसू दाबून.

"अगं, काळजीने विचारतेय. केवढा होता म्हणालात?"

"बारा फूट." मंगळवारी तो आठ फूट होता, बुधवारी दहा.

"खात्यापित्या घरचा दिसतोय."

जेवणं झाल्यावर त्या सोफ्यावर उताण्या झाल्या. "पाण्यात किती हलकं वाटायचं. हे असं नुसतं पडून राहायचं," म्हणत त्यांनी डोळे मिटले, हात पसरले आणि राखाडी पट्टा चढवलेला उजवा गुडघा वर काढला.

जावई ताटं उचलत होता, तो तसाच उभा राहिला. त्रिकोण तोच. रंग तोच. किंचित डावीकडे कललेला, तोही तसाच.

"आई, मंगळवारी हाच पट्टा होता?"

सासूबाईंनी एक डोळा उघडला. आधी गुडघ्याकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"म्हणजे चार दिवस मी माझ्याच भीतीने घरात बसलेय होय?"

बायको स्वयंपाकघरात निघून गेली. तिथून बराच वेळ फक्त खोकल्याचा आवाज येत होता.

"खरं लिहिलं तर माझी खुर्ची जाईल," जावई म्हणाला.

"मग खोल समुद्रात गेला म्हणून लिहा."

"खोटं कसं लिहू? सोफ्यावर आहे तो."

सासूबाईंनी पाय खाली सोडले. मग उठून चपला शोधू लागल्या. "चला. साक्षीदार मी. माझ्याइतकं जवळून त्याला कुणी पाहिलेलं नाही."

मनोऱ्याखालच्या खोलीत जावयाने नोंदवही उघडली आणि मन घट्ट करून रकाने भरले. लांबी: पाच फूट. गेल्याची दिशा: घराकडे. सासूबाईंनी वळणदार सही ठोकली.

तिथे बसलेल्या जीवरक्षकांच्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. "घराकडे म्हणजे?"

"माझ्या घराकडे, साहेब. आमच्या सासूबाईंचा गुडघा होता तो."

साहेबांनी गुडघा पाहिला, मग खिडकीतून कोरडे टॉवेल पाहिले.

"माझा पहिला शार्क थोरल्या मेहुण्याची छत्री निघाला होता," ते म्हणाले. "मी 'खोल समुद्रात गेला' असं लिहून मोकळा झालो. तुम्ही निदान पत्ता तरी खरा दिलात. बसा वर. आणि यांना लाल पट्टा घेऊन द्या."

सही करता करता ते थांबले. "शेवटचा रकाना राहिलाय. पुन्हा दिसण्याची शक्यता?"

जावयाने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. त्याने लिहिलं: रोज सकाळी सात, रविवार धरून.