विरजण, परत करणे

मी एक जुनी फ्लॉपी आहे. मित्रांनो, माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण तोंडओळख नक्की आहे. संगणकावर लिहिलेलं जपून ठेवायला तुम्ही ज्या छोट्या चौकोनी चित्रावर टिचकी मारता, ते चित्र माझं. रोज माझ्या तोंडावर टिचक्या मारता आणि मी कोण ते ठाऊक नाही! असो. म्हातारपणी फार रुसू नये म्हणतात.

मी तळहाताएवढी, काळ्या प्लास्टिकची. पोटात एक पातळ गोल तबकडी आहे, तिच्यावर जे लिहाल ते मी धरून ठेवते. तुमच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा माझ्यात मावायचा नाही. पण माझ्यात एकदा शेंडेनक्षत्र मावलं होतं. शेंडेनक्षत्र म्हणजे धूमकेतू.

गोष्ट १९९७ सालची. महाडच्या एका शाळेत सुहास सर विज्ञान शिकवायचे. त्या वर्षी मार्च-एप्रिलात संध्याकाळी मावळतीकडे मोठा धूमकेतू दिसायचा. महाडात कारखान्यांच्या दिव्यांमुळे आभाळ उजळलेलं, म्हणून सर कॅमेरा घेऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कुडपणच्या पठारावर गेले. बरोबर त्यांचे वडील रामजीआप्पा होते. आप्पा बिरवाडीजवळच्या कारखान्यात लाकडी खोकी ठोकायचे. त्यांनी दोन फळ्यांना दाराची बिजागरी लावून एक यंत्र बनवलं होतं. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात, आणि फोटोत त्यांच्या रेघा उमटतात. आप्पांच्या यंत्राचा स्क्रू मिनिटाला एक फेरा असा हाताने फिरवला की वरची फळी हळूहळू उघडायची आणि तिच्यावरचा कॅमेरा ताऱ्यांच्या मागोमाग जायचा. सगळं पठार वर बघत होतं, आणि आप्पा मात्र मनगटावरच्या घड्याळाकडे. असे पाच फोटो निघाले. पाचही पुसट.

मग सरांनी एक प्रोग्राम लिहिला. छापखान्यातल्या स्कॅनरवरून ते पाच फोटो संगणकात घ्यायचे, एकावर एक ठेवायचे, चांदणीवर चांदणी बसवायची, आणि पाचांचा मिळून एक करायचा. खोटे ठिपके विरून जातात, खरं ते उठून दिसतं. ताक घुसळून लोणी वर यावं तसं. सरांचे मित्र म्हणाले, हे विका, शहरात चांगली किंमत येईल. सरांचं मन जरा डळमळलंही. तेव्हा त्यांची आई काशीबाई चुलीपाशी बसली होती. आळीतली एक बाई दाराशी वाटी घेऊन आली होती, तिच्या वाटीत चमचाभर दही घालता घालता त्या म्हणाल्या, "विरजणाचे कोण पैसे घेतं का रे? आज माझं तिच्याकडं, उद्या माझं नासलं तर तिचं माझ्याकडं."

त्या दिवशी प्रोग्रामचं नाव ठरलं, 'विरजण'. आणि मागेल त्याला फुकट द्यायचं, हेही ठरलं.

सरांनी दुकानातून दहा फ्लॉप्यांचं खोकं आणलं. त्या दहांतली मी एक. प्रत्येकीत तो प्रोग्राम आणि ते पाच पुसट फोटो घातले आणि वर्गातल्या दहा मुलांना आम्हाला वाटून टाकलं. शाळेच्या संगणकावर बसायचं, पाचांचा एक करायचा आणि आठ दिवसांत आणून द्यायचं. सर पडले मास्तर! फुकट दिलं तरी हिशेबाने दिलं. आमच्या प्रत्येकीच्या पोटावर लाल शाईने चिठ्ठी चिकटवली, 'विरजण, परत करणे'. काशीबाईंनी ती वाचायला लावली आणि हसून म्हणाल्या, "विरजण द्यायचं असतं रे. परत मागतं का कोण?" सरांनी ते हसण्यावारी नेलं.

माझ्या नऊ बहिणी आठव्या दिवशी शहाण्यासारख्या परत गेल्या. सरांनी त्यांना कपाटात नंबरवार लावून ठेवलं. मी गेले नाही. मी ज्याच्या वाट्याला आले तो हर्षद, कुडपणच्या मालोजींचा मुलगा. बिरवाडीला मामाकडे राहून शिकायचा. त्याने फोटो झकास जोडला, सगळ्यात उशिरा पण सगळ्यात चांगला. आणि नेमकी परीक्षा संपली, त्याला मुंबईला काकाच्या कामावर बोलावणं आलं. गाठोडं बांधायला तो गावी आला तेव्हा मी त्याच्या खिशात होते. निघता निघता त्याने मला आईच्या हातात दिलं.

"आई, हे विरजण हाय. सरांचं हाय, परत द्यायचं हाय. जपून ठेव गो."

त्याची आई तुळजाबाई गावातल्या साक्षरता वर्गाला जात असत. त्यांनी मला उजेडाला धरलं आणि एक एक अक्षर लावलं. "वि-र-ज-ण. खरंच की! शहरातलं सुकं विरजण असंल." आणि विरजण म्हणजे सांभाळायची वस्तू, जमिनीवर ठेवायची नाही, ओल लागू द्यायची नाही, एवढं त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी मला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि बियाण्याच्या नाचणीच्या डब्यात, पार खाली पुरलं.

मित्रांनो, तेव्हा मला फार वाईट वाटलं. कुठे ताऱ्यांची गणितं आणि कुठे नाचणी! दरवर्षी पेरणीच्या आधी डबा उघडायचा, हात आत यायचा, मला चाचपायचा. "हाय, हाय. सर आलं नायत अजून." पुन्हा सुगीला नवी नाचणी आणि पुन्हा अंधार. अशी अठ्ठावीस वर्षं. आपल्याला टाकून दिलंय, असंच मी धरून चालले होते.

मला काय ठाऊक, खाली महाडात काय झालं होतं ते! २०२१च्या जुलैत सावित्रीचं पाणी सरांच्या तळमजल्यावर छताला टेकलं. माणसं माळ्यावर चढून वाचली. पण संगणक, फोटोच्या निगेटिव्ह पट्ट्या, पाचांचा एक करून भिंतीवर लावलेलं शेंडेनक्षत्राचं चित्र, आणि कपाटात नंबरवार लावलेल्या माझ्या नऊ बहिणी, सगळं चिखलात गेलं. माणसं वाचली यात सगळं आलं, सर म्हणाले.

मग गेल्या वर्षी आप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. वय अठ्ठ्याऐंशी. किती तरी वर्षांनी स्वच्छ दिसायला लागलं, तसे ते घरभर बघत फिरले आणि भिंतीपाशी थांबले.

"सुहास, माझं शेंडेनक्षत्र कुठं हाय रे?"

"पुरात गेलं, आप्पा."

"दुसरं काढ की. तुझ्या इरजणात व्हतं ना?"

काशीबाई तोवर गेल्या होत्या, आणि आप्पांनी आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ही बहुतेक पहिली गोष्ट. ती द्यायला सरांकडे काही नव्हतं. त्यांनी जुन्या मुलांना एकेक करून फोन लावले. सगळ्यांचं उत्तर एकच, सर, आम्ही तर तुम्हाला परत दिली होती. सरांना आपल्याच शिस्तीचा राग आला. शेवटी हर्षद सापडला. तो आता मुंबईत गाड्यांच्या दुरुस्तीचं गॅरेज चालवतो.

"सर, सॉरी, एकदम सॉरी," तो चाचरत म्हणाला. "मी टोटल विसरलो. तुमची फ्लॉपी मी परत दिलीच नाय. गावी आईकडे असेल."

"नाही दिलीस?" सर खुर्चीतून उठलेच. "हर्षद, खरंच नाही दिलीस ना? शाब्बास रे, शाब्बास!"

परत न दिल्याबद्दल मास्तरांची शाबासकी मिळालेला हा पहिलाच विद्यार्थी असेल.

दुसऱ्या दिवशी सर मुलीला घेऊन कुडपणला आले. मुलगी अनुष्का, पुण्यात संगणकाचंच काम करते. तुळजाबाई आता थकल्यात, पण अंगणात पाऊल पडताच म्हणाल्या, "आलात का सर? बरी आठवण झाली! तुमचं विरजण हाय की, नाय कशाला?" डब्यात हात गेला आणि मी उजेडात आले. सरांनी मला दोन्ही हातांत धरलं. मी म्हातारी, माझे डोळे भरून आले असते, असते तर.

महाडात सरांचं बिऱ्हाड आता वरच्या मजल्यावर आहे. अनुष्काने जुन्या बाजारातून फ्लॉपी वाचायचं यंत्र आणलं होतं. आप्पा लॅपटॉपसमोर खुर्ची टाकून बसले. मला यंत्रात सारलं. अठ्ठावीस वर्षांत मी विसरले असेन तर? कोकणच्या दमट हवेत माझ्या जातीला बुरशी लागते, हे मी ऐकून होते. यंत्राने घुर्र केलं, कर्र केलं आणि थांबलं. पडद्यावर अक्षरं आली, वाचता येत नाही.

पुन्हा घातलं. पुन्हा तेच. सर खाली मान घालून बसले.

"दमानं घ्या," आप्पा म्हणाले. "ती झोपल्याली हाय. इतक्या वरसांनी उठवताव, आळोखेपिळोखे दील का नाय?"

अनुष्काने मला बाहेर काढलं आणि माझं पत्र्याचं झाकण हळूच सरकवलं. पिशवी कधीतरी फाटली असणार. झाकणातून टप्पकन एक दाणा टेबलावर पडला. नाचणीचा! एवढासा दाणा, पण तोच मधे अडकून बसला होता. तबकडी मात्र कोरडी ठणठणीत. ज्या नाचणीच्या नावाने मी अठ्ठावीस वर्षं नाक मुरडलं, तिनेच माझी ओल शोषून घेतली होती. मी मनातल्या मनात तिची माफी मागितली.

तिसऱ्यांदा घातलं आणि मला सगळं आठवलं. विरजण आठवलं, पाच पुसट फोटो आठवले, हर्षदने जोडलेलं चित्र आठवलं. अनुष्काने नव्या लॅपटॉपला जुन्या संगणकाचं सोंग घ्यायला लावलं, आणि काळ्या पडद्यावर एक एक ओळ करत शेंडेनक्षत्र उतरलं. लख्ख, पांढऱ्या शेपटाचं.

आप्पा पुढे वाकले. नव्या डोळ्यांनी कोपऱ्यापर्यंत सगळं बघितलं आणि एका चांदणीवर बोट ठेवलं.

"ही जरा लांबट झालीय बघ. तिसऱ्या फोटोला मला शिंक आली व्हती. हात थांबला."

"हो आप्पा," सर म्हणाले. हसत होते आणि डोळे पुसत होते. "तुमचीच शिंक आहे ती."

छातीवरचा धोंडा उतरणं म्हणतात ते हेच. मला वाटलं, आता मी निवांत मोडून पडले तरी चालेल.

पण मोडले नाही. अनुष्काने माझ्यातलं सगळं उतरवून घेतलं आणि जगात कुणालाही फुकट घेता येईल असं इंटरनेटवर ठेवलं. "बाबा, घेणाऱ्यांसाठी काही अट घालायची?" तिने विचारलं. सरांनी मला उचललं. लाल शाईची चिठ्ठी वाचली. मग खिशातलं पेन काढून 'परत करणे' वर आडवी रेघ मारली.

पुढच्या रविवारी ते मला घेऊन पुन्हा कुडपणला आले. तुळजाबाईंनी मला उजेडाला धरलं आणि अक्षरं लावली.

"खालचं खोडलं जनू?"

"खोडलं. आता ते तुमचंच."

मित्रांनो, तुमच्याजवळ एखादी चांगली गोष्ट असेल, तर चार घरी देऊन ठेवा आणि नंबरवार परत गोळा करू नका. माझं ऐका, मी नऊ बहिणी गमावल्यात. मी आता पुन्हा नाचणीच्या डब्यात आहे. पेरणीआधी हात आत येतो, मला चाचपतो आणि म्हणतो, "हाय, हाय." फक्त आता कुणी यायचं राहिलेलं नाही. मी निवांत झोपते.