ठमीच्या नळीच्या रेघा

म्हातारीच्या थोरल्या लेकाला खोटं बोलायची खोड लहानपणापासूनची. पण तो डॉक्टरीणबाईंना फसवेल, तेही मांजराच्या मुतावरून, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ठमी मांजरीच्या मूत्राशयात कॅन्सरची गाठ होती, काढण्यापलीकडची. लघवीची वाट बुजली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पोटातून थेट मूत्राशयात नळी बसवली आणि बजावलं, "बरी नाही व्हायची. आहेत तितके दिवस तळमळ कमी, एवढंच."

दिवसातून चारदा नळीला सिरिंज लावून लघवी ओढायची. थोरला नळीला हात लावायला धजत नसे, सुनेला बघवत नसे. काम म्हातारीच्या गळ्यात पडलं. अक्षरांशी तिचं कधी जमलं नाही. एका वेळी दोन-तीन सिरिंज निघत; एक भरली की कागदावर एक रेघ. रात्री थोरला कागद घेऊन जायचा आणि फोनवर डॉक्टरीणबाईंना आकडा कळवायचा.

"कमी निघतंय रे," ती दोन दिवस सांगत होती.

"चालायचंच म्हणतात त्या," तो म्हणायचा.

आज ठमीनं खाणं टाकलं, पोट दगड झालं. म्हातारीनं टोपली उचलून दवाखाना गाठला. थोरला कागद घेऊन मागोमाग.

"काल नऊ सिरिंज," डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या. "मग पोट असं कसं?"

म्हातारीनं कागद ओढला. तिच्या रेघा तिरप्या, दाबून मारलेल्या. शेजारी नाजूक, सरळ रेघा होत्या.

"माझ्या तीन. बाकीच्या ह्या शहाण्याच्या. आड तुंबून फुटायला आलाय, आणि हा कागदावर पोहरे भरतोय."

"कमी सांगितलं असतं, तर तुम्ही 'आता हिला सोडून द्या' म्हणाला असता," थोरला जमिनीकडे बघत पुटपुटला.

डॉक्टरीणबाईंनी नळीत पाणी सारून बघितलं. आत जाईना. गाठ नळीच्या तोंडावर चढली होती.

"परवा कळतं तर नळी बदलली असती. आता मूत्रपिंडं गेलीत, भूल सोसायची नाही. सुईनं पोट मोकळं करता येईल, पण उद्या पुन्हा हेच. नाहीतर इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं."

म्हातारीनं आयुष्यभर तोंडाच्या जोरावर घर हाकलं होतं. आता कुणाला दटावावं तेच कळेना. ठमीनं तिच्या मनगटावर हनुवटी टेकली.

"झोपवा तिला," म्हातारी म्हणाली.

थोरला दाराकडे वळला. "मी बाहेर थांबतो, आई."

"बाहेर कुठं? तू दुष्ट नाहीस, भित्रा आहेस. तुझ्या भित्रेपणाचे दोन दिवस हिनं भोगलेत. इकडं ये, डोक्यावर हात ठेव, आणि ती झोपेपर्यंत काढू नकोस."